चार सेकंद हलू नका

"वेगळा आहे हं फोटो," व्हर्लाबाई किटलसन म्हणाल्या, आणि डॅग्नी ओप्सलला कळलं की आपण नापास झालो.

बाहेरच्या माणसाला यात नापास होण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. पण वेस्ट टोल्गा हे मिनेसोटातलं गाव, आणि तिथल्या लुथरन चर्चमध्ये कुणी कुणाच्या कामाला तोंडावर वाईट म्हटल्याचं ऐकिवात नाही. ओव्हनमधून करपून निघालेली हॉटडिश 'खरपूस' असते. बेसूर गाणाऱ्याबद्दल 'मनापासून गातो हो' असं म्हणतात. याही पलीकडचं जे असतं, ज्याला सभ्य माणसाला दुसरा शब्दच सापडत नाही, ते 'वेगळं' असतं.

कौतुकाचंही तसंच. तोंडभर कौतुक केलं तर समोरच्याच्या डोक्यात हवा जाते आणि त्याचं पाप आपल्या माथी येतं, म्हणून जास्तीत जास्त 'वाईट नाही' एवढंच म्हणायचं. व्हर्लाबाईंनी हे शब्द शेवटचे उच्चारले ते चर्चच्या नव्या छपराबद्दल. ते ऐकून छप्पर घालणारा माणूस आपल्या गाडीत बसून जरा वेळ रडला, असं सांगतात.

"क्लॅरेन्सची तब्येत बरी आहे ना गं?" व्हर्लाबाईंनी विचारलं.

"बरी आहे. ते फक्त उठले."

"कधी?"

"फोटो चालू असताना."

व्हर्लाबाईंनी फोटो लांब धरला, मग जवळ धरला, मग चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा जवळ धरला. फोटोत क्लॅरेन्स हॉगेन आणि त्यांची बायको लुएला शेजारीशेजारी होते. लुएलाबाई इतक्या स्पष्ट आल्या होत्या की स्वेटरचे टाके मोजून घ्यावेत. क्लॅरेन्स मात्र आरपार होते. त्यांच्या छातीतून मागची कोट टांगायची खुंटाळी दिसत होती, आणि पोटाच्या जागी 'कृपया बूट इथे काढा' ही पाटी वाचता येत होती.

"पाटी छान आलीये," व्हर्लाबाई म्हणाल्या. त्या मनाने खरोखरच चांगल्या होत्या. मग चष्मा नाकावर आणत त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "त्या कंपनीचा नंबर अजून आहे हं माझ्याकडे. आपलं सहज सांगून ठेवते."

ही कंपनी म्हणजे चर्चच्या फोटोपुस्तकांची कंपनी. दर काही वर्षांनी मंडळीतल्या सगळ्या कुटुंबांचे फोटो असलेलं एक पुस्तक निघतं. कोण कुणाचा नातू, कुणाची सून कुठली, कुणाचे केस गेले, हे सगळं त्यात एकदम कळतं, त्यामुळे गावात त्याला मान आहे. आजवर कंपनीचा माणूस यायचा, ढग रंगवलेला पडदा लावायचा आणि एकेका कुटुंबाला त्यापुढे बसवून धडाधड फोटो काढून जायचा. ढगांमुळे सगळी मंडळी नुकतीच स्वर्गवासी झाल्यासारखी दिसायची, पण त्याला कुणाची हरकत नव्हती. फोटो नसलेल्या कुटुंबाच्या नावासमोर कंपनी चर्चचं एक छोटंसं रेखाचित्र छापून द्यायची. मनोरा, दार, दोन झुडपं.

डॅग्नीची आजी आर्डिस ओप्सल आजवर एकाही पुस्तकात दिसली नव्हती, आणि आजोबा गेल्यापासून तर प्रत्येक पुस्तकात ती रेखाचित्र होती.

फोटोच्या दिवशी आजी तळघरातल्या स्वयंपाकघरात कॉफी करत असे आणि कंपनीचा माणूस गाडीत सामान भरेपर्यंत बाहेर येत नसे. आजोबा हयात असताना ते एकटेच ढगांपुढे बसत. नव्याने आलेल्या एका पास्टरने ते पुस्तक बघून, बायको गेल्याबद्दल आजोबांचं मनापासून सांत्वन केलं होतं. त्याच वेळी आजी पास्टरच्या कपात कॉफी ओतत होती. तिने चूक दुरुस्त केली नाही. कशाला उगाच बिचाऱ्याला अवघडल्यासारखं, असं तिचं म्हणणं. रविवारच्या शाळेतल्या पोरांची तर समजूत होती की चर्चच्या इमारतीचंच नाव आर्डिस.

"अगं, पण एक फोटो काढायला काय जातं तुझं?" डॅग्नी विचारायची.

"केस विंचरून, एका जागी बसून, 'बघा माझ्याकडे' म्हणायचं?" आजी म्हणायची. "आपण कोण असे मोठे लागून गेलो? सरक, भांडी विसळू दे."

डॅग्नी भौतिकशास्त्र शिकलेली. विद्यापीठातून परत येऊन ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची स्निग्धता मोजायच्या कामाला लागली होती. मोजता येण्यासारख्या कुठल्याही गोष्टीवर तिचा जीव जडे. जुना पण चांगला डीएसएलआर कॅमेरा मिळाल्यावर तिने पहिले कित्येक दिवस घेवड्याच्या डब्यावरच्या लेबलाचे फोटो काढले. लेन्सचं भोक किती उघडलं म्हणजे 'घटक' या शब्दाखालची बारीक अक्षरं सर्वांत धारदार येतात, हे ती तपासत होती. माणसांचे फोटो तिने अजून काढलेच नव्हते. ही गोष्ट तिने फोटोपुस्तक समितीला सांगितली नाही. समितीनेही विचारली नाही, कारण असं विचारणं बरं दिसत नाही.

प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी ती एवढंच म्हणाली होती, "कंपनी कशाला? मी काढते की." समितीच्या प्रमुख व्हर्लाबाई. त्या म्हणाल्या, "बघ बाई, आमची काही ना नाही." 'ना नाही' म्हणजे नक्की काय, याचा विचार डॅग्नीने तेव्हा केला नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकच चौकट होती. तिच्यातून तो मनोरा आणि ती दोन झुडपं काढून टाकायची आणि तिथे आजी बसवायची. चर्चमधल्या लुटफिस्क माशाच्या वार्षिक जेवणापर्यंत फोटो चांगले झाले तर ठीक, नाहीतर नंतरच्या आठवड्यात ढगांचा पडदा येणार आणि आजी कॉफी करायला जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

पहिली अडचण उजेडाची आली. वर प्रार्थनेच्या दालनात नोव्हेंबरचा उजेड यायचा तो रंगीत काचांमधून. तिथे खिडकीशेजारी बसवलेला पहिला माणूस फोटोत डावीकडून जांभळा आणि उजवीकडून हिरवा आला. त्याला स्वतःला तो आवडला, पण बायकोने पुस्तकात छापायला नकार दिला.

फ्लॅश डॅग्नीला नको होता. या मंडळीत चष्मा नसलेला माणूस शोधावा लागतो, आणि फ्लॅश मारला की प्रत्येक चष्म्यात दोन-दोन सूर्य उगवतात.

मग राहिलं तळघर. तळघरात नळीचे दिवे होते, पण ऑर्व्हिल बाक्कनही होते. ऑर्व्हिल हे इमारत समितीचे अध्यक्ष, आणि सभासदही तेच. वीज वाचावी म्हणून त्यांनी एकाआड एक नळी काढून कपाटात ठेवली होती. इमारतीची ऊब ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटवर प्लास्टिकची पेटी बसवून तिला कुलूप लावलं होतं, आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असायची.

"नळ्या परत बसवता येतील का, मिस्टर बाक्कन? फोटोपुरत्या?"

"येतील की," ऑर्व्हिल म्हणाले. "समितीपुढे ठराव यायला हवा."

"समितीत तुम्हीच आहात ना?"

"म्हणूनच जपून राहावं लागतं. उद्या लोक म्हणतील, ऑर्व्हिल मनाला येईल तसं करतो."

ठराव आला, आणि अधिक विचारासाठी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. ऑर्व्हिलनी तशी रीतसर चिठ्ठीही दिली. डॅग्नीने ती घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली आणि पुढचे सगळे दिवस तिचा उपयोग ट्रायपॉडच्या डुगडुगत्या पायाखाली केला.

उजेड कमी असला की कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवता येते. पण ते लांबच्या स्टेशनसाठी रेडिओचा आवाज वाढवल्यासारखं असतं. गाणं मोठं होतं तशी खरखरही मोठी होते. फोटोतली खरखर म्हणजे दाणे. डॅग्नीने व्हर्लाबाईंचा एक फोटो तसा काढून पाहिला तर त्यांच्या गालांवर रवा सांडल्यासारखा दिसला. व्हर्लाबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला, आणि दुसऱ्या दिवशी त्या गालाला काहीतरी मलम लावून आल्या. त्यानंतर डॅग्नीने आयएसओ खाली आणला तो पार तळाशी, आणि तो तिथून हलवायचा नाही अशी शपथ घेतली.

तळाच्या आयएसओवर, निम्म्या नळ्यांच्या उजेडात, घेवड्याच्या डब्याने सिद्ध केलेल्या भोकातून, तिचा हिशेब आला चार सेकंदांचा. म्हणजे शटर चार सेकंद उघडं राहणार, आणि तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही.

जगात दुसरीकडे कुठेही माणसं अशी चार सेकंद बसणार नाहीत. हात हलतील, हसू फुटेल, कोणी शेजारच्याच्या कानात बोलेल. पण डॅग्नीला आपली माणसं ठाऊक होती. ही मंडळी लाकडी बाकावर तासभर प्रवचन ऐकताना पापणीखेरीज काही हलवत नाहीत. एकदा भर प्रार्थनेत वटवाघूळ शिरून सगळ्यांच्या डोक्यांवरून घिरट्या घालत होतं, तर सगळे बघत राहिले ते समोरच. लग्नात, बारशात, हॉकीचा सामना जिंकल्यावर, त्यांचे चेहरे एकसारखेच असतात. हसण्याचा तर प्रश्नच नव्हता. चार सेकंदांचा फोटो याच लोकांसाठी निर्माण झाला आहे अशी तिची खात्री पटली, आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मात्र या गावात सल्ला देण्याआधी आपल्याला काही कळत नसल्याचं शपथपूर्वक सांगावं लागतं. "मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही," क्लॅरेन्स म्हणाले, "पण माझा मेहुणा फोटो काढताना श्वास रोखायचा. एकदा पडला." डेअरीतला ड्वेन म्हणाला, "तू शिकलेली आहेस, मी काय सांगणार? पण माझ्या फोनमध्ये कापसाच्या गादीसारखे मऊ फोटो येतात. काही खटपट न करता." लुएलाबाईंनी लोकरीची टोपी विणून आणली. ती कॅमेऱ्याची होती, कारण तळघरात गारठा असतो. डॅग्नी सगळ्यांचे आभार मानत गेली. ड्वेनचे जरा कमी मानले.

पहिल्या शनिवारी सकाळी सगळं शास्त्राप्रमाणे मांडलं होतं. भक्कम ट्रायपॉड. हात लागून धक्का नको म्हणून तारेचं बटण. कॅमेऱ्यातला आरसा वर उडताना अगदी बारीक हादरा बसतो, म्हणून आरसा आधी उचलायचा, हादरा विरू द्यायचा, मग शटर उघडायचं. डॅग्नीने पहिल्या कुटुंबाला बसवलं, बटण दाबलं, आणि भट्टी सुरू झाली.

इमारत तापवणारी चर्चची भट्टी जुनी होती. ती सुरू झाली की जमीन घुमायची, कपाटातले कप किणकिणायचे. फोटोत सगळ्या कुटुंबाला दोन-दोन नाकं आली. डॅग्नी ऑर्व्हिलकडे गेली. या वेळी ठराव लागला नाही, कारण भट्टी बंद करायला ऑर्व्हिल नेहमीच राजी असत. किल्ली फिरली, घुमणं थांबलं. थोड्या वेळाने लोकांनी कोट चढवले. आणखी थोड्या वेळाने तोंडातून वाफा निघू लागल्या, आणि चार सेकंदांत साठलेली वाफ फोटोत प्रत्येकाच्या हनुवटीवर पांढऱ्या दाढीसारखी उतरली.

"ओप्सलांची पोरगी हुशार आहे," दाढीवाल्या फोटोंकडे बघत लुएलाबाई म्हणाल्या. "माझा बाप हुबेहूब असाच दिसायचा."

यातूनही मार्ग निघाला. तळघर आधी तापवून घ्यायचं आणि फोटोपुरती भट्टी बंद करायची. डॅग्नीला वाटलं, जिंकलं. पण तिने कंप, उजेड, तापमान यांचा हिशेब केला होता, सौजन्याचा केला नव्हता.

गंमत अशी की या मंडळींना दुसऱ्याचा वेळ घेण्याची भयंकर भीती. निघायची वेळ झाली की इथला माणूस दोन्ही गुडघ्यांवर थाप मारतो, "चला तर मग" म्हणतो आणि उठतो. पुढे दारात, ओट्यावर, गाडीच्या खिडकीशी निरोप चालूच राहतो ती गोष्ट वेगळी. पण थाप वेळेवर पडलीच पाहिजे. आणि डॅग्नीच्या कॅमेऱ्यात आरसा उचलला की 'खट्' असा दणदणीत आवाज व्हायचा. तो झाला की माणसाला वाटे, झालं काम. मागे रांग उभी आहे, पोरीला कशाला ताटकळत ठेवायचं! मग गुडघ्यावर थाप, "चला तर मग", आणि माणूस उभा. शटर त्यानंतर उघडायचं, तेही चार सेकंद.

दिवसअखेर डॅग्नीने फोटो पडद्यावर पाहिले. अर्धी मंडळी पारदर्शक होती. उठलेल्या माणसांच्या गुडघ्यांपाशी हातांचे धुरकट ढग होते. किटलसन कुटुंबात तर फक्त कुत्रं स्पष्ट आलं होतं. फोटोंत दाणा औषधालाही नव्हता. मागची खुर्ची, खुर्चीचा स्क्रू, स्क्रूवरची खाच, सगळं लख्ख.

"शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही," ती आजीला म्हणाली. आजी लेफ्स लाटत होती. लेफ्स म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणि जेवणासाठी तिचे ढीग लागतात.

"नाहीच मुळी," आजी म्हणाली. "आरपार असली म्हणून काय झालं, माणसं ओळखू येतायत."

"आजी, तू टोमणा मारतेयस."

"मी कशाला मारू? मी तर पोळ्या लाटतेय."

हेच फोटो व्हर्लाबाईंनी पाहिले आणि त्यांना वेगळे म्हटलं. पास्टर मेलिंडांनीही पाहिले. या पास्टरबाई अॅरिझोनातून आलेल्या, त्या आल्यापासून त्यांनी कोट काढलेला कुणी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "डॅग्नी, आत्म्याबद्दल आपण बोलतो खरं, पण तो असा छापणं जरा नाजूक होईल."

पुढचे दोन दिवस डेअरीत दुधाच्या नळ्या फिरवताना ती एकच कोडं सोडवत होती. ज्या माणसांना प्रवचनात हलवता येत नाही ती खट् ऐकून का उठतात? आणि प्रवचनात ती नेमकी कधी हलतात? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तेव्हा तिच्या हातातली नळी पडता पडता राहिली. ती हलतात 'आमेन' झाल्यावर. त्याआधी वटवाघूळही त्यांना हलवू शकत नाही.

फोटोंच्या पुढच्या बैठकीला तिने पहिल्या कुटुंबाला सांगितलं, "खट् ऐकू आलं तरी उठायचं नाही. मी आमेन म्हणेन, मगच हलायचं."

परिणाम डोळ्यांत भरणारा होता. खट् झालं, कोणी हललं नाही. खुट् झालं, कोणी हललं नाही. चार सेकंद असे गेले की जणू समोर कोरीवकाम ठेवलंय. "आमेन," डॅग्नी म्हणाली, आणि गुडघ्यांवर थापा पडल्या. पडद्यावर प्रत्येक पापणीचा केस वेगळा दिसत होता.

अर्थात ऑर्व्हिलना शंका आली. दीक्षा न घेतलेल्या व्यक्तीने कॅमेऱ्यासाठी आमेन म्हणावं का? प्रश्न चर्चच्या मंडळापुढे गेला. दोन भांडी कॉफी संपल्यावर मंडळाने 'केवळ छायाचित्रणापुरतं, आणि माफक आवाजात' अशी परवानगी दिली. डॅग्नीने लेखी मागितली नाही. ट्रायपॉडला आता चिठ्ठी पुरेशी होती.

सगळी कुटुंबं पुन्हा बसली, पुन्हा उठली. क्लॅरेन्स अपारदर्शक झाले. व्हर्लाबाईंनी गठ्ठा चाळला, आणि 'वेगळा' हा शब्द एकदाही आला नाही. "हं," त्या म्हणाल्या. "आता मधल्या पानांवर सगळ्यांचा एकत्र फोटो येऊ दे. जेवणाच्या दिवशी. तो झाला की मग बघू."

म्हणजे पास-नापास त्या एका फोटोवर होतं. डॅग्नीलाही तेच हवं होतं. स्वयंपाकघरात कोंडून घेणारी आजी जेवणाच्या दिवशी मात्र बाहेर टेबलांमध्ये असते. किटली दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, हा तिचा नेम.

"त्या वेळी चार सेकंद बस," डॅग्नीने गळ घातली. "सगळ्यांबरोबर. सगळेच बसलेले असतील, त्यात कसलं मिरवणं?"

"मी बसले तर कॉफी कोण देईल?"

"चार सेकंदांत कोण मरतंय कॉफीवाचून!"

"तुला नाही ठाऊक," आजी गंभीरपणे म्हणाली. "लुटफिस्क खायचा असतो."

 लुटफिस्क हा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत केलेला मासा. निम्मे लोक तो आवडतो म्हणून खातात, निम्मे आजोबा खायचे म्हणून, आणि सगळेच त्यावर वितळलेलं लोणी ओतून त्याच्याकडे फारसं न बघता खातात. त्यासाठी तीन तालुक्यांतून माणसं येतात. तळघरात एका वेळी सगळे मावत नाहीत, म्हणून पंगती बसतात. पुढच्या पंगतीचे लोक वर प्रार्थनेच्या दालनात नंबर घेऊन थांबतात आणि वेळ जावा म्हणून भजनं म्हणतात. पहिली पंगत मंडळीतल्या घरच्या माणसांची. फोटो त्याच पंगतीचा.

जेवणाच्या दिवशी बाहेर हाडं गोठवणारी थंडी. डॅग्नीने कॅमेरा बंद पिशवीत घालून आणला आणि लेन्सवर धुकं धरू नये म्हणून तो पिशवीतच सावकाश गरम होऊ दिला. तळघराच्या टोकाला असलेल्या छोट्या व्यासपीठावर ट्रायपॉड उभा राहिला. चिठ्ठी पायाखाली गेली. पंगत बसली, ताटं वाढली गेली, माशाची वाफ छताला लागली. आजी एप्रन बांधून, मोठी पांढरी किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती.

डॅग्नीला एक भौतिक सत्य ठाऊक होतं आणि ते तिला छळत होतं. चार सेकंदांच्या फोटोत सतत चालणारा माणूस येतच नाही. त्याची नुसती एक धूसर रेघ उरते, तीही नीट पाहिली तरच दिसते. म्हणजे आजी अशीच फिरत राहिली तर या पुस्तकातही ती नसणार. रेखाचित्रसुद्धा असणार नाही.

"मंडळी!" डॅग्नी ओरडली. "नेहमीप्रमाणेच. आमेन होईपर्यंत हलायचं नाही. मिस्टर बाक्कन, भट्टी!"

ऑर्व्हिल कुलूप उघडून, किल्ली फिरवून धावत आपल्या जागी येऊन बसले. भट्टीचं घुमणं थांबलं. छताखालच्या लोखंडी नळांमधून वाहणारी गरम हवा थांबली. तळघरात इतकी शांतता झाली की लोणी थिजताना ऐकू यावं.

"आजी, बस ना गं!"

"तू काढ," आजी म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नकोस. ऑर्व्हिलचा कप रिकामा आहे."

डॅग्नीने तारेचं बटण दाबलं. खट्. कोणी हललं नाही. क्लॅरेन्स पुतळा. व्हर्लाबाई पुतळा. हादरा विरला. खुट्, शटर उघडलं.

आणि वर भजन संपलं.

एरवी भट्टी चालू असताना वरचं काही खाली ऐकू येत नाही. पण आता नळ रिकामे होते, आणि वर नंबर घेऊन बसलेल्या शंभर-दीडशे उपाशी लुथरनांनी चार सुरांत, पेटीच्या साथीने, ताणून ताणून म्हटलेलं 'आऽऽमेन' त्या नळांमधून खाली आलं ते थेट प्रत्येकाच्या डोक्यावर.

सबंध पंगतीने गुडघ्यांवर थाप मारली. "चला तर मग!" सबंध पंगत उभी राहिली. कुणी मागे वळलं, कुणी ताट उचललं, ड्वेनने लेफ्स तोंडात कोंबली. शटर उघडंच होतं.

"नाही! ते नाही! ते वरचं होतं!" डॅग्नी व्यासपीठावरून किंचाळली, आणि कॅमेऱ्याने शांतपणे खट् केलं.

दुसऱ्यांदा बसा म्हणायची सोय नव्हती. जिन्यावर पुढचे नंबर पुकारले गेले होते, दारात तीन तालुके उभे होते. सगळे येता जाता "छान झाला असेल हो" म्हणत होते. व्हर्लाबाईंनी पर्समधून फोन काढलेला डॅग्नीने पाहिला. त्यात कंपनीचा नंबर होता. ती व्यासपीठाच्या पायरीवर बसली आणि कॅमेऱ्याला घातलेली लोकरीची टोपी तिने स्वतःच्या डोक्यावर ओढली.

फोटो बघायचा तिला धीर नव्हता. तो पाहिला व्हर्लाबाईंनी, तिच्या शेजारी पायरीवर बसून, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"वेगळा आहे?" डॅग्नीने टोपीतून विचारलं.

"हे मोठं कसं करतात गं?"

डॅग्नीने बटण दाखवायला डोकं वर केलं आणि ती बघतच राहिली. सगळं तळघर धुक्याने भरलं होतं. मंडळीच्या मंडळी वितळून एकमेकांत मिसळली होती, हात, ताटं, टकलं, सगळ्यांचं मिळून मऊ करडं धुकं. आणि त्या धुक्याच्या मधोमध, दगडात कोरल्यासारखी आजी उभी होती.

ती कॉफी ओतत होती. वरून आमेन आलं, मंडळी उठली, सगळं तळघर हललं, पण गेल्या चाळीस वर्षांत एक थेंब न सांडलेल्या आर्डिस ओप्सलचा ओतणारा हात चार सेकंद तसूभर हलला नव्हता. खाली वाकलेली मान. कपाळावर आलेली एक बट, केस न् केस वेगळा. एप्रनच्या कडेचं पीठ. किटलीच्या तोटीपासून कपापर्यंत कॉफीची धार काचेच्या कांडीसारखी उभी. कुठे दाणा म्हणून नाही. टेबलावरचा तो कप कुणाचा ते मात्र दिसत नव्हतं, कारण ऑर्व्हिल उठले होते.

व्हर्लाबाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या.

डॅग्नीला छप्पर घालणाऱ्या माणसाची आठवण आली. तिलाही गाडीत जाऊन बसावंसं वाटलं, पण बाहेर थंडी फार होती.

"पण आजी छापू देणार नाही," ती म्हणाली. "बाकी सगळे धुरकट आणि ती एकटीच ठळक. याहून जास्त मिरवणं काय असतं?"

आजीला बोलावलं गेलं. ती हात पुसत आली, उभ्या उभ्याच वाकली, डोळे बारीक केले.  आजीने पडद्यावर बोट टेकवलं ते कपापाशी.

"हे आणखी मोठं होतं?"

डॅग्नीने मोठं केलं. कपाची कड, आतली कॉफीची रेषा.

"बघ," आजी म्हणाली. "ऑर्व्हिल कपात बोटभर जागा सोड म्हणतो, क्रीम घालायला. तेवढी सोडलीये." मग बोट किटलीवर गेलं. तोटीवरचा टवका, झाकणाला बांधलेला दोरा, सगळं नीट दिसत होतं. आजीच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला इथले लोक हसू म्हणाले असते. "किटली फार छान आलीये गं."

"मग छापू?"

"छापा की. किटलीचाच तर फोटो आहे. मी आपली बाजूला उभी आहे." ती सरळ झाली आणि तिने दोन्ही हातांनी एप्रनवर थाप मारली. "चला तर मग. दुसरी पंगत बसली."

पुस्तक नाताळाआधी निघालं. मधल्या दोन पानांवर वेस्ट टोल्गाची सगळी मंडळी धुकं होऊन पसरली आहे, आणि प्रत्येक जण त्यात आपला डाग बोटाने दाखवतो. हा मी, हा माझा कोट. ओप्सल कुटुंबाच्या चौकटीत त्याच फोटोतला किटलीचा तुकडा आहे, शेजारी बाजूला उभी असलेली आजी. ऑर्व्हिलनी आपला फोटो ठरावाशिवाय छापू दिला नाही, तेव्हा मनोरा आणि दोन झुडपं त्यांच्या नावासमोर गेली. रविवारच्या शाळेतल्या पोरांनी ते लगेच समजून घेतलं. चर्चचं नाव बदलून आता ऑर्व्हिल झालंय.